कॅबिनेटातला घट

सकाळी डोळे उघडले का मी पयले कान लावतो. पंखा चालू आहे का नाही. चालू असला तं मंग पोरीच्या छातीवर हात ठेवतो, अन् मंगच उठतो. हा छताचा पंखा नाही. तळहाताएवढा काळा पंखा आहे, कंप्युटरच्या पेटीतला. त्या पेटीले आमचे हे कॅबिनेट म्हणते. थे कॅबिनेट आमच्या देवाच्या कोपऱ्यात उभं आहे अन् त्याच्या पोटात कंप्युटर नाही, माती आहे. घरी कोणी आलं का पयले तिकडेच पाह्यते अन् हासते. हासू द्या. थे बनवत होती तेव्हा कोणी विचारलं असतं का बाई हे काय करून राहिली, तं मी सांगू शकली नसती. सांगाले बसली असती तं रडू आलं असतं अन् हात थांबले असते.

मांगच्या वर्षीपासून सांगतो.

आमी सक्करदऱ्याले राहतो, तलावाच्या इकडे, गल्लीतल्या गल्लीत, खालच्या मजल्यावर दोन खोल्या. पयल्या खोलीत ह्यायचं भंगार. हे शहरातल्या सदर भागात एका दुकानात कंप्युटर रिपेर करते अन् जे कंप्युटर मेले थे घरी आणते, का तं कधीतरी कामात येईन. दुसऱ्या खोलीत स्वयंपाक, देव, अन् आमी तिघं झोपतो. या खोलीची मांगची भिंत म्हंजे शेजारच्याच्या न्हाणीची भिंत. तिले ऊन कधी लागलं नाही अन् थे कधी सुकली नाही. घरमालकानं पुट्टी मारली, पोपडे निघाले, परत मारली, परत निघाले. हात लावला का ओल्या फडक्यासारखी गार लागे.

सासूबाई उमरेडले राहते. विणकरायचं जुनं घर, हातमाग आता नाही, पण नवरात्राचा घट त्याच घरात बसे. मांगच्या वर्षी त्यायचे गुडघे गेले, खाली बसणं होईना, तं म्हणे, "आता घट तुया घरी बसव वं पोरी." मी भल्ली खुश झाली. नववीतून शाळा सुटली माझी, मले कोणी आजवर असं काही सोपवलं नव्हतं.

त्यायनं दिलेल्या परडीत काळी माती भरली, गहू पेरले, मधात मडकं, मडक्यावर नारळ, समोर अखंड दिवा. देवाचं काम आहे म्हणून पाणी बी हात सैल सोडून घातलं. कोंब आले. अन् मंग त्या कोंबायवर पांढरी बुरशी आली, कापूस पिंजून टाकल्यासारखी, अन् घरभर वास. दसऱ्याले केसात माळाले एक जवारा, म्हंजे घटातला गव्हाचा कोंब, नाही निघाला.

दिवाळी होते न होते तं पोरीची छाती भरली. दोन वर्षाची बी नव्हती तेव्हा. दवाखान्यात तिच्या तोंडावर वाफेचं मास्क लावलं होतं अन् श्वास घेताना तिच्या बरगड्यायखाली खड्डा पडे. मी त्या खड्ड्याकडे पाहत बसली होती. सासूबाई उमरेडहून आल्या, पोरीच्या कपाळावर हात ठेवला, अन् माझ्याकडे न पाहता म्हणे, "घट सडला होता न वं?"

बस, इतकंच म्हटलं. पोरगी बरी होऊन घरी आली, उन्हाळा गेला, पाऊस गेला, पण थे एक वाक्य माझ्या पोटातून गेलं नाही.

यंदा गणपती उठले अन् सासूबाईचा फोन आला. ह्यायनं स्पीकरवर ठेवला.

"यंदा अष्टमीले येतो मी. घट पाह्यतो. चांगला उगवला तं ठीक. नाही उगवला तं थंडीभर पोरगी मी उमरेडले नेतो. त्या भिंतीखाली मी तिले ठेवू देणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

मी ह्यायच्याकडे पाह्यलं. हे खाली पाहून राहिले होते. फोन ठेवल्यावर म्हणे, "आई काही खोटं नाही म्हणत."

"मंग द्या पाठवून आताच!"

"मी असं म्हटलं का?"

नाही म्हटलं. पण मी ऐकलं थे तसंच. तुमी म्हणान का घटाचा अन् पोरीच्या छातीचा काय संबंध. मले बी कोणी समजावून सांगितलं असतं तं मी हाव हाव म्हटलं असतं, अन् आतून मानलं नसतं. घट सडला, पोरगी बिमार पडली. मी दोन्ही या डोळ्यायनं पाह्यलं होतं.

मंग मी मोबाइलवर पाहत सुटली. बुरशी काहून येते, कोंब काहून सडते. एक हिंदीवाला पोरगा दाखवून राहिला होता का जुन्या कंप्युटरच्या कॅबिनेटात झाडं कशी लावाची, खोलीत ऊन नसलं तरी. आत बत्तीची पट्टी, मांगं पंखा, चारी बाजूनं चमकी. म्हणे पंखा हवा खेळवते, बुरशी धरत नाही. मी थो व्हिडिओ भाजी जळेपर्यंत पाह्यला.

"काहो, त्या मेलेल्या पेटीचा पंखा जिता आहे का?"

"कोणत्या पेटीचा?"

"तुमी जे फेकत नाही त्यायच्यातल्या कोणत्याबी."

ह्यायनं व्हिडिओ पाह्यला, माझ्याकडे पाह्यलं. "घट यात बसवते?" मंग हासले. "देवीले पासवर्ड काय ठेवाचा थे बी सांगून ठेव."

मले हासू नाही आलं. तेव्हा ह्यायनं भंगारातून एक कॅबिनेट ओढून काढलं.

आतलं सगळं खोलणं त्यायनंच केलं, पण त्यायले वेळ फक्त सकाळी घडीभर, बाकी मीच. पेटीचा एका बाजूचा पत्रा स्क्रू काढला का सरकते, थे आमचं दार झालं. आतले पत्र्याचे खण मी पकडीनं वाकवून वाकवून तोडले. थो पत्रा ब्लेडसारखा, आंगठा कापला, हळद दाबली अन् परत बसली. पोरगी बाजूले स्क्रू वाटीत भरे अन् परत सांडे. मंग चमकी, म्हंजे पोळ्या गुंडाळाचं फॉइल. थे चिकटवाले मी मैद्याची खळ शिजवली. सासरी सगळं खळीनंच चिकटते, सुताले बी खळ, पतंगाले बी खळ, तं माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही. चार दिवस गेले अन् फॉइल फुगली. उचलून पाह्यलं तं मांगं खळीलेच बुरशी! ज्याच्यापासून पळून राहिली थेच मी हातानं शिजवून आत लावलं होतं. सगळं खरवडून काढलं, टेप आणला.

मंग बत्तीची पट्टी लावली. पट्टीचं कापलेलं टोक फॉइलले लागलं, फट्टकन आवाज झाला, जळका वास आला अन् पोरगी किंचाळली. वायफायच्या डब्ब्याचा जुना अडॅप्टर होता, थो गेला. मी पोरीले उचलून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली.

हे आले तं म्हणे, "अवं, फॉइलमधून बी करंट जाते. घर जाळते का?"

"मले काय माहीत? तुमी सांगितलं होतं का?"

"तू विचारलं होतं का?"

दुसरा अडॅप्टर आणला. टोकायवर काळा टेप गुंडाळला. बटन दाबलं तं पंखा फिरला अन् आतलं सगळं पांढरं लख्ख झालं, डोळे दिपले. दह्याच्या डब्बीत गहू पेरून ठेवले. रात्री झोपाच्या आधी बत्ती बंद, सकाळी चालू. कोंब आले, हिरवे, ठेंगणे, मजबूत. बुरशी नाही. मी दिवसातून कितीदा थे दार सरकवून नाक आत घालू थे सांगता येत नाही.

आता परडी. सासूबाईची परडी रुंद, कॅबिनेट वीतभर खोल, आत जाईना. पोरीले कमरेवर घेऊन इतवारीच्या बाजारात गेली. हातगाड्या, टेम्पो, कोणाचं पोतं डोक्याले लागे, मी दोन्ही हातानं तिचं डोकं झाकून. परड्यावाली म्हातारी होती, लहानातली लहान परडी मागितली.

"काय ठेवाचं आहे वं इतकुशा परडीत?"

"घट."

"घट?" तिनं परडी हातातच धरून ठेवली. "देवी काय पाहुणी आहे का, कोपऱ्यात आंग चोरून बसाले?"

"जागा नाही न मावशी."

"जागा मनात लागते," म्हणे, अन् परडी दिली. तिचं बरोबर असन, पण तिच्या मनाले मांगची भिंत नव्हती.

घट बसला. कॅबिनेटात परडी, परडीत उमरेडची माती, लहानसं मडकं, त्यावर छोटुसा नारळ. दिवा आत ठेवता येईना, म्हणून समोर ताटलीत. पूजा झाली. संध्याकाळी हे बत्तीच्या बटनाकडे गेले अन् मी ओरडली.

"बंद नोका करू!"

"काहून? थो व्हिडिओवाला म्हणे न, झाडायले बी झोप लागते. तूच तं रोज बंद करत होती."

"तेव्हा गहू होते. आता घट आहे. देवीसमोरचा उजेड कोणी बंद करते का?"

"थो दिव्याचा नियम आहे. हे एलईडी आहे."

"उजेड थो उजेड."

मी बत्ती अखंड ठेवली. रात्री त्या उजेडानं कोणालेच धड झोप नाही. पोरगी चादर डोक्यावरून घेऊन झोपे, अन् मी चादर उचलून पाहू, श्वास घेऊन राहिली का. अन् मांगच्या वर्षीची भीती होती म्हणून पाणी चमच्यानं मोजून घालू.

कोंब वर आले, बोटभर झाले, अन् तिथंच थांबले. उमरेडच्या घरी या दिवसायपर्यंत जवारे वीतभर होत, हळदीसारखे पिवळे, लवून आलेले. माझे हिरवे, दुर्वेएवढे. मंग बत्तीजवळच्या बाजूनं शेंडे भुरे पडले. मातीले हात लावला तं वरून टणक, फट पडलेली. बुरशी नव्हती, पण हे तं वाळून राहिले होते! मी ह्यायले दुकानात फोन केला.

"उन्हात काढून ठेव थोडे."

"बसलेला घट हालवत नाही."

"मंग बत्ती बंद कर."

"थे बी करत नाही."

"मंग मले फोन काहून केला?"

फोन ठेवून मी देवासमोर बसली अन् काय मागावं थे बी सुचेना. पोरीचे लोकरीचे कपडे वरच्या कप्प्यात होते. माझी नजर घडीघडी तिकडेच जाय. थे कपडे कोणी दुसऱ्यानं पिशवीत भरले अन् मी दारात उभी आहे, असं दिसे.

त्याच दुपारी लाइन गेली. गल्लीच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर जळला म्हणे. कॅबिनेटातली बत्ती विझली, पंखा थांबला, अन् माझ्या तोंडातून "गेलं" निघालं. गेलं, अखंड तुटलं. पोरगी पुढं सरकून अंधारात हात घालून जवारे ओढाले लागली. मी तिचा हात काढला, काय वाटलं तं ओंजळभर पाणी मातीवर सोडलं, अन् पत्र्याचं दार लावून टाकलं का कोणी हात घालू नये. मंग खाली बसून रडली.

रडताना पोरगी माझ्या गालाले हात लावून म्हणे, "आई, दिवा."

पाह्यलं तं ताटलीत दिवा चालू होता. लाइन गेली, सारी गल्ली बंद, अन् दिवा जसाच्या तसा. त्याले लाइनशी काही घेणंच नव्हतं. मी इतके दिवस ज्याले अखंड म्हणून जपून राहिली होती थो उजेड बटनाचा होता, अन् जो खरा अखंड होता त्यात मी फक्त तेल घालत होती, अन् थे बी हात करे, मन नाही. मले हायसं बी वाटलं अन् लाज बी.

लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर मी दार उघडलं नव्हतं. भीतीच वाटे. उघडलं तं माती ओली, अन् जवारे वर उचललेले. चांगले वर. भुरे टोक सोडले तं वर हिरवेच, पण खालून नवा पिवळा भाग निघाला होता, कोणी खालून ढकलल्यासारखा. मले तेव्हा उमरेडची घटाची खोली आठवली. आतली, बिनखिडकीची, दार लोटून ठेवलेली. तिथं जवारा अंधारातच उगवे, उजेड शोधाले वर वर जाय, म्हणून लांब अन् पिवळा. कोणी कधी सांगितलं नव्हतं, कोणाले सांगाची गरजच पडली नसन.

मंग ह्यायनं पंख्याची तार वेगळी काढून दिली. पंखा चालू, बत्ती सकाळी घडीभर, बाकी दार बंद. मी दिव्यात तेल घालताना आता तिथं घडीभर बसाले लागली.

अष्टमीले सासूबाई आल्या. हातात रिकामी पिशवी, थे कापडाची, जुन्या लुगड्याची शिवलेली. मी पिशवीच पाह्यली पयले. त्यायनं पाय धुतले, पोरीचा मुका घेतला, अन् देवाच्या कोपऱ्यात येऊन थांबल्या.

"हे काय आहे वं?"

"घट आहे आई."

"डब्ब्यात?"

हे मधात बोलले, "आई, थे कंप्युटरचं—"

"तू चूप बस गा. मी तिले विचारून राहिली."

मी पत्रा सरकवला. त्यायच्यासाठी स्टूल ठेवला, त्या बसल्या, वाकल्या, चष्मा वर केला, खाली केला.

"वरून हिरवा, खालून पिवळा," म्हणे. "असा जवारा मी उभ्या जन्मात पाह्यला नाही."

"चांगला आहे का वाईट, आई?"

"मले काय माहीत!" एकदम चिडल्याच. "हिरवा राह्यला असता तं काही म्हटलं असतं, पिवळा राह्यला असता तं काही म्हटलं असतं. हे दोन्ही कसं केलं तू?"

त्यायचा हात पंख्याच्या मांगं गेला. भिंतीले हाताची पालथी बाजू लावली. मागाच्या ताण्याच्या, म्हंजे उभ्या सुताले खळ लावल्यावर थे सुकलं का नाही, त्या अशाच पालथ्या हातानं पाहत, मी लग्नानंतर पाह्यलं होतं, तेव्हा एक माग होता. हात तिथंच ठेवला, बराच वेळ.

"इथं कोरडी आहे."

मी हाव म्हणून सोडून देऊ शकत होती. त्यायचे गुडघे, त्या उभं राहून वर हात लावणार नव्हत्या. पण पोरगी त्याच भिंतीखाली झोपते.

"पंख्यामागंच तेवढी आई. वर अजून ओलीच आहे."

त्यायनं माझ्याकडे पाह्यलं. मंग ह्यायच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या अन् वर हात लावला. "हाव," म्हणे. "ओली आहे." अन् स्वयंपाकाले काय करते विचारलं.

दसऱ्यापर्यंत त्यायनं पोरीले न्याची गोष्ट काढली नाही. दुपारी पोरीले घेऊन कॅबिनेटजवळ खाट ओढून आडव्या होत. पंख्याची हवा जरा कोमट येते, पोरगी पाठ लावून झोपे. एकदा म्हणे, "हा घरघर करते, पण वाईट नाही." मी भाकऱ्या थापत ऐकत होती, पुढं काही बोलते का.

दसऱ्याले त्यायनं स्वतः जवारे उपटले. पोरीच्या केसात खोचले, आपल्या अंबाड्यात खोचले, मंग माझं डोकं हातानं खाली वाकवून माझ्याही. दुसऱ्या दिवशी निघाल्या तं पिशवी अजून रिकामी होती. मी थे घडी करून त्यायच्या हातात द्याले गेली.

"राहू दे इथंच. खुंटीले टांग." चप्पल घालता घालता म्हणे, "यंदाची थंडी कशी जाते पाह्यतो मी."

पिशवी खुंटीले आहे. आता थंडी पडली आहे, सकाळी न्हाणीत पाय टेकवत नाही. कॅबिनेटात मेथी पेरली आहे, पोरगी त्याले "देवीची भाजी" म्हणते. पोरगी एकदा खोकलली का माझी नजर पयले खुंटीवर जाते अन् मंग तिच्यावर, मले माझाच राग येते, पण थे तशीच जाते. सासूबाईचा फोन येते तं पोरगी कशी आहे थे नंतर, पयले विचारते, "भिंत कशी आहे?" मी हात लावून सांगतो. कोरडा भाग वाढला आहे, एक वीत, जरा जास्त. वर ओलीच.

काल पंखा करकर कराले लागला. मी पोळी टाकून धावली. हे म्हणे, धूळ बसली असन, घासला असन, उद्या दुकानातून दुसरा आणतो, इतकं घाबराचं काय आहे.

"दोन आणा," म्हटलं. "एक वरच्या ओलीसाठी."

"वर कशात बसवते?"

"पयल्या खोलीत पाहा न. अजून एखादी मेलेली पेटी असन."